प्रोसेसरचं तापमान: स्क्रीनवरचा आकडा किती खरा?



मोजमापातल्या चुका शिकायला महागडी प्रयोगशाळा लागत नाही, घरातला कॉम्प्युटर पुरतो. हे मी स्वतःची फजिती करून शिकलो.

मे महिन्यात मी घरच्या मशीनवर सिम्युलेशन चालवत होतो. प्रोसेसरचं तापमान ८१ अंश दिसायचं. जूनमध्ये थर्मल पेस्ट बदलली आणि आकडा ७४ वर आला. सात अंशांची सुधारणा! ग्रुप मीटिंगमध्ये मी ग्राफ दाखवला. सरांनी एवढंच विचारलं, "अरे, खोलीचं तापमान किती होतं?" ते मी लिहूनच ठेवलं नव्हतं. मे ते जून या काळात पाऊस सुरू झाला होता, आणि जुनी पेस्ट तर पुसून टाकलेली. म्हणजे तुलना पुन्हा करायचीही सोय उरली नाही.

त्यानंतर हे प्रोग्राम नेमकं काय दाखवतात, ते मी नीट वाचून काढलं. आज त्यांच्याकडे एक उपकरण म्हणून टीकेच्या नजरेने बघू.

पहिली गोष्ट. इंटेलच्या कोअरमधला डिजिटल सेन्सर "मी ६० अंशांवर आहे" असं सांगत नाही. "कमाल मर्यादेपासून मी ४० अंश खाली आहे" एवढंच तो सांगतो. या मर्यादेला टीजे मॅक्स म्हणतात. मर्यादा १०० असेल तर प्रोग्राम १०० मधून ४० वजा करतो आणि ६० छापतो. म्हणजे तुम्ही वाचता ती एक वजाबाकी आहे. कोअर २ च्या काळात डेस्कटॉप प्रोसेसरची ही मर्यादा प्रोग्रामला वाचताच येत नव्हती. कोणी ८५ धरायचं, कोणी १००. एकाच चिपबद्दल दोन प्रोग्राम १५ अंशांनी वेगळं बोलायचे! इंटेलने २००८ मध्ये हे आकडे जाहीर केले, आणि नेहालेम पिढीपासून ही मर्यादा चिपमधूनच वाचता येऊ लागली.

एएमडीची गंमत वेगळी. २०१७ च्या रायझन ७ १७००एक्स आणि १८००एक्स मध्ये 'टीसीटीएल' हे मूल्य खऱ्या तापमानापेक्षा मुद्दाम २० अंश जास्त ठेवलं होतं. ते पंख्याच्या नियंत्रणासाठी होतं. ज्या प्रोग्रामने हे २० वजा केले नाहीत, त्याने लोकांना उगाच घाबरवलं.

दुसरी गोष्ट. हा सेन्सर मुळात चिप जळू नये म्हणून बसवलेला आहे. मर्यादेजवळ तो विश्वासार्ह असतो. जसजसं खाली यावं तशी चूक वाढू शकते. त्यामुळे "माझा कॉम्प्युटर रिकामा असताना २९ वर, तुझा ३३ वर" या वादात फारसा अर्थ नाही.

आता गुणदोष. कोपऱ्यात एकच रंगीत आकडा दाखवणारी विजेट्स मला सर्वांत वाईट वाटतात. कुठला सेन्सर, कुठली मर्यादा, काहीच कळत नाही. 'कोअर टेम्प' निदान टीजे मॅक्स समोर ठेवतो, त्याला पूर्ण गुण. लिनक्समधल्या 'के१०टेम्प' ड्रायव्हरची माहिती-पुस्तिका तर सरळ सांगते की टीसीटीएल हे प्रत्यक्ष भौतिक तापमान नाही. असा प्रामाणिकपणा आपल्या शोधनिबंधांतही हवा. पण लिनक्सचीच 'सेन्सर्स' ही कमांड इंटेलसाठी ६२.० असं छापते. सेन्सरची पायरीच एक अंशाची, मग ते दशांश शून्य आलं कुठून? आणि त्रुटीची मर्यादा तर यांच्यापैकी एकही आकड्याशेजारी दाखवत नाही.

तुम्ही म्हणाल, घरच्या वापराला एवढं कशाला? बरोबर आहे. कूलरमध्ये धूळ अडकली का, हे बघायला हे प्रोग्राम उत्तम आहेत. पण "अमुक केल्याने तमुक अंश कमी झालं" असा दावा करायचा असेल तर एवढं करा:

- कॅबिनेटमध्ये हवा शिरते तिथे साधा थर्मामीटर ठेवा आणि दोन तापमानांतला फरक नोंदवा.
- लोड तोच ठेवा, पंख्याचा वेग कायम ठेवा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा.
- नोंद दर दोन सेकंदांनी पुरे. फार वेगाने विचारत राहिलात तर झोपलेले कोअर जागे होतात आणि मोजण्यामुळेच तापमान वाढतं.
- किमान तीनदा मोजा. काहीही बदलण्याआधी मोजा, नंतरही मोजा.

मी नव्या पेस्टवर असं तीनदा मोजलं. काहीही न बदलता आकडे दोन अंशांनी हलले. म्हणजे माझ्या सात अंशांतले किती पेस्टचे, किती पावसाचे आणि किती नुसते हलणारे, हे आता कधीच कळणार नाही. ती स्लाइड मी काढून टाकली.

तुमच्या पहिल्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर खोलीचं तापमान लिहा. पुढे कोणीतरी विचारणारच आहे.