मुख्य रस्ता बंद, बोळ सुरू

वेन घराण्याची संपत्ती काढून घेतली तर बॅटमॅनमध्ये उरते काय? असले प्रश्न कॉमिक्सच्या जाहिरातींत नेहमीच विचारले जातात आणि उत्तर पाच-सहा अंकांत विरून जाते. ऑक्टोबर 2024 मध्ये डीसीने आपल्या मुख्य कथाविश्वाबाहेर सुरू केलेल्या ‘ॲब्सोल्यूट बॅटमॅन’चे तसे झाले नाही. पहिला अंक पुन्हापुन्हा छापावा लागला, यात नवल नाही. लेखक स्कॉट स्नायडर आणि चित्रकार निक ड्रॅगोटा यांचा ब्रूस वेन स्थापत्य अभियंता आहे. वडील शिक्षक होते, प्राणिसंग्रहालयातल्या गोळीबारात गेले. आई मात्र जिवंत आहे. आल्फ्रेड हा घरचा बटलर नसून ब्रिटिश गुप्तहेर आहे. अब्जाधीश आहे तो जोकर.

पण गरिबी ही या मालिकेतली दुय्यम गोष्ट. खरी करामत मित्रांमध्ये आहे. हार्वी डेंट, ऑस्वाल्ड कॉबलपॉट, एडवर्ड निग्मा, वेलन जोन्स ही इथे ब्रूसची बालपणापासूनची टोळी. एकत्र बसून पत्ते खेळणारी, एकमेकांची उणीदुणी काढणारी. या नावांपुढे मूळ कथेत खलनायकी वाढून ठेवलेली असते ते वाचकाला ठाऊक आहे, ब्रूसला नाही. त्यामुळे टेबलाभोवतीचा प्रत्येक विनोद पोटात गोळा आणतो. 1939 पासून साचलेली वाचकाची स्मृती एकही खुलासा न करता कथेच्या कामाला जुंपणे सोपे नाही. ड्रॅगोटाचा बॅटमॅनही तसाच थेट. चौकटीत मावत नाही इतका आडवा देह आणि छातीवरचे वटवाघूळ उपसले की हातात येणारी कुऱ्हाड.

तक्रार आहे ती बेन या खलनायकाच्या प्रकरणाबद्दल. नवव्या अंकापासून मालिका मांस, सुया आणि विद्रूप शरीरे यांत इतकी रमते की जी भीती पत्त्यांच्या टेबलावर न बोलता तयार झाली होती, ती आता ओरडून सांगितली जाते. खपावर त्याचा परिणाम झाला नसेल. माझ्या वाचनावर झाला.

याच मालिकासमूहातली ‘ॲब्सोल्यूट वंडर वुमन’ मला अधिक सलग वाटते. केली थॉम्पसन आणि हेडन शर्मन यांची डायना स्वर्गीय बेटावर नव्हे, नरकात सर्सी या चेटकिणीच्या हाताखाली वाढते, तरीही तिचा मायाळूपणा अभंग राहतो. या मालिकेला 2025 चा सर्वोत्कृष्ट नव्या मालिकेचा आयस्नर पुरस्कार मिळाला, तो योग्यच. जेसन ॲरनचा सुपरमॅन मात्र भाषणे फार ऐकवतो. फ्लॅश आणि ग्रीन लँटर्न वाचनीय आहेत, इतकेच.

सगळ्यांत वरचे पान ‘ॲब्सोल्यूट मार्शियन मॅनहंटर’चे. डेनिझ कँप यांनी लिहिलेल्या आणि हाविएर रॉड्रिगेझ यांनी काढलेल्या या मालिकेत जॉन जोन्स हा एफबीआयचा अधिकारी बाँबस्फोटातून वाचतो आणि त्याला लोकांचे विचार रंगीत धुरासारखे दिसू लागतात. डोक्यात एक हिरवा मंगळवासी मुक्काम ठोकतो. कथा ऐकायला साधी वाटते, पण रंग इथे सजावटीला नाहीत. कोण काय लपवतो आहे ते शब्दांआधी रंग सांगून जातो. हे चित्रपटात जमले नसते, कादंबरीत तर नाहीच. कँप यांनीच मार्वेलसाठी लिहिलेल्या ‘द अल्टिमेट्स’च्या एका अंकात पान चार आडव्या पट्ट्यांत विभागून चार वेगळे काळ शेजारी शेजारी चालवले होते. कॉमिक्स म्हणजे चित्रपटाचा कच्चा आराखडा, असे मानणाऱ्यांनी हे दोन्ही जरूर पाहावेत.

मार्वेलची अशीच मुख्य विश्वाबाहेरची नवी ‘अल्टिमेट’ मालिका डीसीच्या आधीची. तिच्यातला ‘अल्टिमेट स्पायडरमॅन’ जानेवारी 2024 मध्ये आला. जोनाथन हिकमन आणि मार्को केकेटो यांचा पीटर पार्कर तिशी उलटलेला, मेरी जेनशी संसार थाटलेला, दोन मुलांचा बाप. पोशाखाच्या रंगाबाबत तो सल्ला घेतो तो आपल्या छोट्या मुलीचा. एक अख्खा अंक दोन जोडप्यांच्या हॉटेलातल्या जेवणात जातो, आणि एकही ठोसा न मारता तो त्या वर्षातल्या उत्तम अंकांपैकी एक ठरतो. पुढे किंगपिन या खलनायकाविरुद्धचा लढा रेंगाळला, हेही खरे. कथेतले महिने प्रत्यक्षातल्या महिन्यांबरोबर पुढे सरकायचे, त्यामुळे दोन अंकांमध्ये बरेच काही पडद्यामागे घडून जायचे.

यशाचे कारण शोधायला लांब जायला नको. पीटर आणि मेरी जेनचे लग्न 1987 मध्ये लागले आणि 2007 मध्ये ‘वन मोअर डे’ या कथेत सैतानाशी सौदा करून पुसून टाकले गेले. नायक विवाहित असला की म्हातारा वाटतो, ही संपादकांची धास्ती. तेव्हापासून मुख्य ‘अमेझिंग स्पायडरमॅन’ त्या दोघांना जवळ आणतो, तोडतो, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. वाचकांना साहसांचा कंटाळा आलेला नव्हता. परिणाम न टिकण्याचा आला होता.

हा मुख्य विश्वाचा जुनाच रोग आहे, आणि तो प्रतिभेच्या अभावाचा नाही. स्नायडरने मुख्य बॅटमॅन वर्षानुवर्षे लिहिला. हिकमनने 2019 मध्ये एक्स-मेनला क्राकोआ नावाचे स्वतःचे राष्ट्र दिले. मृत्यू, नागरिकत्व, भाषा यांचा नव्याने विचार केला. 2024 मध्ये ते राष्ट्र आवरले गेले आणि मंडळी पुन्हा शाळा, पथक, भांडण या ठरल्या चाकोरीत परतली. त्यानंतरच्या एक्स-मेनमधले गेल सिमोन यांचे संवाद खुसखुशीत आहेत, पण घर बदलून पुन्हा जुन्याच घरी आल्याची खूण प्रत्येक पानावर आहे. जेफ लोब आणि जिम ली यांनी 2025 मध्ये बॅटमॅनच्या ‘हश’ या कथेचा दुसरा भाग आणला, त्यात देखणेपण भरपूर आणि गरज शून्य. शिवाय अंकाला चार-पाच डॉलर आणि एकाच मजकुरावर पाच-सहा मुखपृष्ठे. मुखपृष्ठे जमवणाऱ्याला आतली कथा पुढे सरकली काय आणि न सरकली काय!

अपवाद आहेत. मुंबईत जन्मलेले राम व्ही यांनी 2022 ते 2024 या काळात ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’मध्ये बॅटमॅनची कथा ऑपेरासारखी अंकांत आणि प्रवेशांत रचली. अधूनमधून ती स्वतःच्याच धीरगंभीर सुरात अडकते, परंतु मुख्य विश्वात राहूनही तिला आरंभ आणि शेवट आहे. इव्हान केगल यांच्या रेखाटनांसह आलेली त्यांची ‘द न्यू गॉड्स’ही तशीच आखीव.

मार्वेलने आपली अल्टिमेट मालिका 2026 मध्ये आटोपती घ्यायचे ठरवले तेव्हा अनेकांनी हळहळ व्यक्त केली. मला तो निर्णय पटतो. अजून दहा वर्षे ती चालली असती, तर तिथेही कुणीतरी लग्न मोडले असते.

मुख्य विश्वात सध्या मॅट फ्रॅक्शन आणि होर्हे हिमेनेझ यांचा ‘बॅटमॅन’ वाचावा. सप्टेंबर 2025 पासून नवी क्रमांकमोजणी सुरू झाली, जुना निळा-करडा पोशाख परतला. किलर क्रॉक या खलनायकाकडे पहिल्याच अंकात अक्राळविक्राळ जनावर म्हणून नव्हे, माणूस म्हणून पाहिले गेले. प्रत्येक अंकात बहुधा एक गोष्ट पूर्ण होते. नायकांना नायकांशी झुंजवणारा ‘डीसी के.ओ.’ हा महासोहळा शेजारीच धडाधड वाजत होता; पुढचा सोहळा या मालिकेत घुसेपर्यंत तरी तिचे अंक विकत घ्यायला हरकत नाही.