तोगाकुशीचें वाळलेलें फूल

वनस्पतिसंग्रहालयांतील शुष्क नमुन्यांकडे आमचा वाचकवर्ग सहसा वळत नाहीं. वळलाच तर एखाद्या कागदाची परीक्षा ग्रंथासारखी करून पाहावी, असें आम्ही सुचवूं. जपानांतील ‘तोगाकुशी-सो’ ही वनस्पति घ्या. होन्शू बेटाच्या पश्चिमेकडील डोंगरांत, जेथें हिवाळ्यांत बर्फाच्या राशी पडतात, तेथील अरण्याच्या सावलींत ही वाढते. त्रिदली पानांची एक जोडी, आणि तिच्या मधून खालीं मान घातलेलीं फिकट जांभळीं फुलें. कूळ आपल्या दारुहळदीचेंच. परंतु हिच्या प्रजातींत ही एकटीच.

कागदावर यांतलें काय उरतें? पानांची ठेवण व शिरांची गुंफण उरते. रंग बहुधा उडतो, आणि ओणवें फूल दाबाखालीं कोठल्या तरी कुशीवर निजतें. त्याचा तो विनय कागदास साधत नाहीं. चित्रकारास तो साधेल. मात्र वाळलेलें फूल पाण्यांत मऊ करून उघडतां येतें, त्याचे केसर मोजतां येतात. चित्राचें तसें नाहीं. आणि नांव ठरतें तें अशा मोजणीवर.

या नांवापायींच मोठा कलह झाला. तोक्यो विद्यापीठाचे प्राध्यापक याताबे यांनीं नमुना रशियांत माक्सिमोविच यांच्याकडे धाडला, आणि त्यांनीं नव्या प्रजातीस याताबे यांचेंच नांव देण्याचें योजिलें. तोंच इंग्लंडांत शिकणाऱ्या इतो तोकुतारो यांनीं १८८८ सालीं लंडनच्या एका नियतकालिकांत तिचें ‘रान्झानिया’ हें नांव प्रसिद्ध केलें. ओनो रान्झान या जुन्या वनौषधिपंडिताचें तें स्मारक. माकिनो तोमितारो सांगतात कीं, याबद्दल इतो यांस विद्यापीठाच्या संग्रहाचें दार बंद झालें, व झाडास ‘हामोन-सो’, म्हणजे गुरूनें हांकलून दिलेल्या शिष्याचें झाड, असें टोपणनांव पडलें.

प्राध्यापकांचा राग समजतो, शिक्षा पटत नाहीं. इतो कांहीं उपरे नव्हते. या वनस्पतीस पोडोफायलमांत घालून त्यांनीं पूर्वींच एक नांव दिलें होतें. शिवाय नमुना राखावयाचा तो दुसऱ्यानें येऊन तपासावा म्हणूनच ना? १८९० सालीं याताबे यांनीं खुद्द माकिनो यांनाहि तेंच दार लाविलें, तेव्हां हा एका शिष्यापुरता प्रश्न नव्हता, हें उघड आहे.

माक्सिमोविच यांनीं योजिलेलें नांव मागें पडलें. या रोपाच्या कागदावर आज रान्झानियाच लिहितात.