योनाथानाची दुसरी मध्यस्थी

दावीद व योनाथान यांची मैत्री हा आपल्या व्यासपीठावरील एक आवडता विषय आहे. तरुण संघाच्या मेळाव्यांतून आणि लग्नाच्या उपदेशांतूनही निःस्वार्थ स्नेहाचा दाखला म्हणून ती पुढे केली जाते. परंतु १ शमुवेलाच्या अठराव्या अध्यायापासून विसाव्या अध्यायाच्या अखेरीपर्यंतचा भाग सलग वाचला, तर हा वृत्तांत एका घरातील हिंसेचा आहे हे ध्यानात येते. ज्याच्या हातात भाला आहे तो शौल दाविदाचा सासरा आहे. खिडकीतून त्याला उतरवून वाचविणारी मीखल त्याची पत्नी, म्हणजे मारणाऱ्याचीच कन्या आहे. मध्ये पडणारा योनाथान हा मारणाऱ्याचा पुत्र आहे. या मध्यस्थाने एकदा नव्हे, दोनदा मध्यस्थी केली. पहिली फसली, दुसरी साधली. आपल्या मंडळ्यांतून आपण बहुधा पहिलीच मध्यस्थी करीत असतो, हे दाखविणे हा या लेखाचा हेतू आहे.

पहिली मध्यस्थी

एकोणिसाव्या अध्यायाच्या आरंभी योनाथान पित्याजवळ दाविदाची रदबदली करतो. त्याचे बोलणे निर्दोष आहे. दाविदाने आपला जीव धोक्यात घालून इस्राएलासाठी काय केले, याची तो आठवण देतो आणि निरपराध्याचे रक्त सांडणे हे पाप आहे असे पित्याला तोंडावर सांगतो. शौल ऐकतो. परमेश्वराची शपथ वाहून दाविदाला मारणार नाही असे वचन देतो. मग योनाथान दाविदाला घेऊन येतो आणि दावीद पूर्वीप्रमाणे शौलाजवळ राहू लागतो.

उपदेशक बहुधा येथेच थांबतो, कारण समेट झाला. ग्रंथकार मात्र थांबत नाही. पुन्हा युद्ध होते, दाविदाला पुन्हा यश मिळते, आणि तो वीणा वाजवीत बसला असता शौलाचा भाला पुन्हा सुटून भिंतीत रुततो. शपथ आणि भाला यांच्यामध्ये अवघी दोन-तीन वचने आहेत.

या मध्यस्थीत काय उणे होते? योनाथानाचे प्रेम खरे होते, आणि त्या घडीपुरती शौलाची शपथही खरी असेल. परंतु दाविदाला पूर्वीच्याच जागी, पूर्वीच्याच अंतरावर, हाताशी भाला असलेल्या माणसासमोर आणून बसविण्यात आले. बदलला होता तो केवळ शब्द. घराची रचना तीच राहिली. शौलाने काय सोडावे, दाविदाने कोठे राहावे, पुन्हा हात उगारला तर काय करावे, यांपैकी काहीही ठरले नाही.

बेळगाव-निपाणी पट्ट्यातील पाळकांना हे चित्र अपरिचित नाही. मार खाल्लेली स्त्री रात्री पाळकाच्या दाराशी येते. सकाळी पंच बसतात, नवऱ्याला बोलावले जाते. तो मान खाली घालतो, शपथ घेतो, क्वचित रडतोही. प्रार्थना होते, चहा होतो, आणि पाळक तिला स्वतः घरी पोहोचवून येतो. अहवालात ‘समेट झाला’ अशी नोंद होते. पुढल्या वेळी ती पाळकाकडे येत नाही, आणि तिच्या न येण्याचा अर्थ आपण शांतता असा लावतो.

हे प्रसंग विरळ असावेत अशी समजूत असेल तर ती टिकणारी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) कर्नाटकातील १८ ते ४९ वयोगटातील, कधीतरी विवाह झालेल्या स्त्रियांपैकी ४४.४ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा झाल्याचे सांगितले. आपल्या बाकांवर बसलेल्या भगिनी या आकड्याबाहेरच्या आहेत असे मानण्यास आधार नाही.

दुष्ट आत्मा आणि दारू

शौलाला दुष्ट आत्मा पीडित असे, असे शास्त्र स्पष्ट सांगते. आपल्याकडे या जागी दारू असते, कर्ज असते, कधी ‘सैतानाचे काम’ हे शब्द असतात. ही कारणे खोटी नसतात. शौलाची पीडा खरी होती, आणि ती शमावी म्हणूनच दावीद वीणा वाजवीत असे. पीडिताची सेवा करणारा, त्याचा क्षोभ आपल्या कौशल्याने निवविणारा असा दावीद आपल्याला येथे दिसतो. घरात पाऊल पडताच नवऱ्याचा रंग ओळखून मुलांना गप्प करणारी, ताट वाढून ठेवणारी स्त्री याच जागी बसलेली असते.

पण ग्रंथकार कारण सांगतो, ते सबब म्हणून नव्हे. भाला सुटल्यावर दाविदाने आणखी गोड वाजवायला हवे होते, असे शास्त्रात कोठेही सुचविलेले नाही. तो निसटला आणि त्या रात्री पळाला, एवढेच लिहिले आहे. त्याला दोष लावलेला नाही. मीखलेने पित्याच्या माणसांना फसवून पतीला वाचविले. तिलाही तेथे दोष लावलेला नाही.

दुसरी मध्यस्थी

विसाव्या अध्यायात दावीद योनाथानाकडे येतो आणि माझा अपराध काय म्हणून विचारतो. योनाथानाचा पहिला उद्गार नकाराचा आहे: माझ्या पित्याच्या मनात तसे असते तर त्याने मला सांगितले असते. यावर दाविदाचे उत्तर प्रत्येक पाळकाने मनात कोरून ठेवावे असे आहे. तुझी माझ्यावर मर्जी आहे हे तुझ्या पित्याला ठाऊक आहे, म्हणूनच तो तुला कळू देत नाही, अशा आशयाचे ते उत्तर आहे. मारणारा मध्यस्थासमोर निराळा असतो. मंडळीत वर्गणी देणारा, गीते गाणारा, पाळकाला आदराने वागविणारा माणूस घरी तसाच असेल, हे अनुमान योनाथानाचेही चुकले होते.

मग दोघे मिळून एक कसोटी ठरवितात. चंद्रदर्शनाच्या मेजवानीला दाविदाची जागा रिकामी राहील. शौल ते कसे घेतो ते पाहावयाचे. कसोटी साधी आहे. एका जेवणाला न येणे एवढाच तो नकार. पहिल्या दिवशी शौल काही बोलत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्याचा संताप उफाळतो, तो योनाथानाच्या आईचा उद्धार करतो, आणि भाला या वेळी योनाथानावरच फेकला जातो. पश्चात्तापाची परीक्षा अश्रूंवरून किंवा शपथेवरून होत नाही. समोरच्याने लहानसा नकार दिला असता तो सोसवतो की नाही, यावरून होते. समेटाची घाई करणाऱ्या पंचांनी हे एवढेच पाहिले तरी पुष्कळ अनर्थ टळतील. महिनाभर माहेरी राहते असे ती म्हणाली तर तो काय करतो? तिच्या मजुरीचे पैसे तिच्यापाशी राहू देतो काय?

यानंतर योनाथान जे करतो ती त्याची दुसरी मध्यस्थी. तो दाविदाला परत बोलावीत नाही. बाणाच्या खुणेने ‘दूर जा’ असे कळवितो. दोघे गळ्यात पडून रडतात, आणि योनाथान त्याला शांतीने निरोप देतो. परमेश्वराच्या नावाने दिलेली ही शांती दूर जाण्यासाठी दिलेली आहे. आपल्या उपासनापद्धतींत शांतीचा उच्चार बहुधा एकत्र येण्याशी जोडलेला असतो. या अध्यायाने त्याला दुसरी बाजू दिली आहे.

योनाथानाने पित्याचा त्यागही केला नाही. तो नगरात परतला आणि अखेरीस गिलबोवा डोंगरावर पित्याच्या बरोबरच पडला. मारणाऱ्याशी नाते ठेवणे आणि मार खाणाऱ्याला त्याच्या हाती न देणे, ही दोन्ही कर्तव्ये एकाच माणसाने निभावली. पुढे जीफच्या रानात तो दाविदाला शोधीत गेला व देवाच्या ठायी त्याला धीर दिला. एकदा सोडवून दिले की आपले काम संपले, असे त्याने मानले नाही.

अंतरावरून केलेली दया

दुसऱ्या मध्यस्थीचे फळ चोविसाव्या व सव्विसाव्या अध्यायांत दिसते. दोनदा शौल दाविदाच्या हाती सापडतो, दोनदा दावीद त्याला जिवंत सोडतो. क्षमेची याहून मोठी उदाहरणे जुन्या करारात थोडी असतील. परंतु दुसऱ्या प्रसंगी ग्रंथकार एक तपशील मुद्दाम नोंदवितो: दावीद पलीकडे जाऊन दूर डोंगरमाथ्यावर उभा राहिला आणि दोघांमध्ये बरेच अंतर होते. शौल त्याला पुत्र म्हणतो, चूक कबूल करतो, परत ये असे विनवितो. दावीद भाला परत देतो, पण तो घ्यायला एका तरुणाला पाठवावे असे सांगतो. स्वतः जवळ जात नाही. मग शौल आपल्या ठिकाणी जातो आणि दावीद आपल्या वाटेने.

येथे द्वेष नाही, सूड नाही. पण परतणेही नाही. क्षमा आणि एका छताखाली पुन्हा राहणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे या वृत्तांताइतके स्पष्ट क्वचितच कोठे सांगितले असेल. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील सत्तर वेळा सात ही आज्ञा सांगताना, तिच्या आधी त्याच अध्यायात ऐकून न घेणाऱ्या बंधूस मंडळीपुढे नेण्याची आणि प्रसंगी बाहेरचा समजण्याची आज्ञा आहे, याचा विसर पडू नये. तसेच मलाखीच्या दुसऱ्या अध्यायातील सोळावे वचन सूटपत्राविरुद्ध नेहमी वाचले जाते. त्याची इब्री रचना कठीण आहे. पण त्याच वचनात वस्त्र हिंसेने झाकणाऱ्याचा धिक्कार आहे, तो मात्र वाचनात गळतो.

हाच दावीद पिता झाल्यावर काय घडले, तेही या संदर्भात वाचावे. अम्नोनाने तामारेवर केलेला अत्याचार ऐकून तो फार संतापला, एवढेच इब्री पाठ सांगतो. त्याने काही केल्याचे सांगत नाही. ग्रीक भाषांतरात आणि कुमरान येथे सापडलेल्या शमुवेलाच्या एका हस्तलिखितात, अम्नोन ज्येष्ठ व लाडका म्हणून त्याने त्याचे मन दुखविले नाही, अशी भर आहे. अबशालोमाने बहिणीला गप्प राहावयास सांगितले. ती उजाड होऊन त्याच्या घरी राहिली. दोन वर्षांनी अम्नोन मारला गेला आणि पुढे राज्यही फुटले. अम्नोनावरील त्या मायेची किंमत तामारेने भरली. दुबळ्याच्या खर्चाने सबळावर केलेली दया शास्त्राच्या दृष्टीने दया ठरत नाही.

मर्यादा कोणाला?

मराठीत मर्यादा या शब्दाला दोन अर्थ आहेत: सीमा आणि शालीनता. घरात हा शब्द बहुधा स्त्रीला उद्देशून उच्चारला जातो. तिने मर्यादेने राहावे, मर्यादा सोडू नये. आपल्या उपदेशांतही तो त्याच रीतीने शिरला आहे. शास्त्रातील ही कथा मर्यादा घालते ती भाला धरणाऱ्या हाताला. सीमाभागातील माणसाला हे समजावून सांगणे अवघड जाऊ नये. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून येथे सीमेवरून वाद आहे. तरी सीमेच्या दोन्ही बाजूंचे सोयरे एकमेकांच्या लग्नाला जातात. सीमा असणे म्हणजे वैर असणे नव्हे, हे तो जाणतो.

या भागातील श्रोत्याला घरच्या हिंसेची एक कथा लहानपणापासून ठाऊक असते. सौंदत्तीच्या यल्लम्मेच्या यात्रेबरोबर रेणुका, जमदग्नी आणि परशुराम यांची कथा गावोगाव पोहोचली आहे. पित्याच्या आज्ञेवरून परशुरामाने आईवर शस्त्र उचलले, हे सर्वांना माहीत असते. त्याच्या आधी थोरल्या भावांनी नकार दिला आणि शाप भोगला, हे मात्र सहसा बोलले जात नाही. दोन धर्मांच्या कथा ताडून एकीला उणे ठरविण्याचे येथे प्रयोजन नाही. परंतु नकार देणारा पुत्र या श्रोत्याला परका नाही, हे धर्मशिक्षकाने ओळखावे आणि योनाथानाकडे जाण्याची वाट तेथून काढावी.

गथ कोठे आहे?

एक आक्षेप रास्त आहे. दाविदापाशी सहाशे माणसे होती, आणि अखेर आश्रयाला गथ होते. निपाणीत हजार विड्यांच्या हिशेबाने मजुरी मिळविणाऱ्या, पदरी दोन मुले असलेल्या स्त्रीने कोणत्या डोंगरमाथ्यावर उभे राहावे? हा आक्षेप स्त्रीवर नाही, मंडळीवर आहे. याच निपाणीत तंबाखूच्या वखारींतील स्त्रियांनी संघटना बांधून मालकाला मर्यादा घातली. युगांतर या स्त्रियांच्या चित्रपटसमूहाने १९८२ मध्ये त्यावर माहितीपट काढला. एकटीला जे जमत नाही ते पाठीशी माणसे असली म्हणजे जमते. आश्रयस्थानाची कल्पनाही मराठी ख्रिस्ती समाजाला नवी नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्तिसदन उभारले ते निराधार स्त्रियांसाठीच. रमाबाईंनी केलेले बायबलचे भाषांतर तेथील छापखान्यात तेथल्याच स्त्रियांच्या हातांनी छापले गेले. तामारेचा अध्याय त्या हातांखालून गेला आहे.

कायदाही आज पूर्वीसारखा राहिलेला नाही, आणि पाळकाला तो ठाऊक असला पाहिजे. १८६९ च्या घटस्फोट कायद्याखाली ख्रिस्ती पत्नीला केवळ क्रूरतेच्या कारणावरून विवाहविच्छेद मिळत नसे. २००१ च्या दुरुस्तीने ते बदलले. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा तिला घरात राहण्याचा हक्क देतो आणि मारणाऱ्याला दूर ठेवण्याचा आदेश देण्याचा अधिकार न्यायाधीशाला देतो. रोमन कॅथलिक धर्मनियमावलीतील ११५३ वा नियमही, जोडीदाराच्या किंवा मुलांच्या देहाला वा आत्म्याला गंभीर धोका असल्यास वेगळे राहण्यास मुभा देतो. तेव्हा ‘धर्म आड येतो’ असे सांगून तिला परत धाडणाऱ्याला धर्माचा आधार मिळत नाही.

यापुढे १ शमुवेलाचा एकोणिसावा अध्याय उपदेशासाठी घ्यावयाचा असेल, तर तो सातव्या वचनाशी थांबवू नये. दहावे वाचावे, आणि पुढच्या रविवारी विसावा अध्याय पूर्ण वाचावा. आणि दाराशी कोणी आली तर तिला घरी पोहोचविण्यापूर्वी भाला कोठे आहे ते विचारावे. तो अजून त्याच्या हाताशीच असेल, तर आपले काम तिला परत नेण्याचे नाही. तिला जागा मिळवून देण्याचे, नंतर तिला शोधीत जाण्याचे, आणि नगरात परतून त्याच्याशीही बोलत राहण्याचे ते काम आहे.