वेग आणि अक्षर : मोबाइलवरील मराठी मजकुराच्या हलक्या आराखड्यांची समीक्षा

प्रस्तावना

मराठी मजकुराचा मोठा भाग आज मोबाइलच्या पडद्यावर वाचला जातो. महाविद्यालयाचे नियतकालिक असो, एखाद्या ग्रंथालयाची सूची असो किंवा दिवाळी अंकाची आवृत्ती असो, ती वाचकापर्यंत पोहोचविण्यासाठी संकेतस्थळ उभारावे लागते आणि त्यासाठी बहुधा एखादा तयार आराखडा निवडला जातो. व्यवहारात त्याला ‘थीम’ म्हणतात. गेल्या काही वर्षांत ‘मोबाइलवर सर्वांत जलद उघडणारी’ अशी ख्याती असलेल्या थीमना विशेष मागणी आली आहे. निवड करताना या एका गुणाखेरीज दुसरे काही पाहिले जातेच असे नाही.

प्रस्तुत लेखात अशा हलक्या आराखड्यांचे गुणदोष मराठीच्या दृष्टीने तपासले आहेत. त्यासाठी गिरगाव-काळबादेवीपासून परळ, लालबाग, दादरपर्यंतचा मुंबईचा पट्टा संदर्भ म्हणून घेतला आहे. याचे कारण दुहेरी आहे. मराठी छपाईत वेग, खर्च आणि अक्षराचे रूप यांचा मेळ घालण्याचे महत्त्वाचे प्रयत्न या पट्ट्यात झाले. आणि घाईत, गर्दीत, उभ्याने वाचणारा आजचा वाचकही याच पट्ट्यात मोठ्या संख्येने आढळतो. वेगाची काटकसर यंत्रणेत करावी, अक्षरात करू नये, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

हलक्या आराखड्याचे स्वरूप

जलद आराखडा प्रामुख्याने चार गोष्टींत काटछाट करतो. पडद्यावर हालचाल घडविणाऱ्या आज्ञावली तो कमी करतो. पानाची मांडणी ठरविणारे नियम तो थोडक्यात बसवितो. चित्रे वाचक तिथवर पोहोचेपर्यंत मागवीत नाही. शेवटी, वेगळा फॉन्ट न पाठविता वाचकाच्या उपकरणात असलेल्या फॉन्टवरच तो काम भागवितो किंवा फॉन्टची एकच जाडी पाठवितो. पहिल्या तीन गोष्टींत भाषेचा संबंध फारसा येत नाही. चौथी गोष्ट मात्र थेट लिपीशी भिडते.

या विचाराचे सर्वांत काटेकोर रूप म्हणजे गूगलने २०१५ साली पुढे आणलेली एएमपी ही पद्धत. तिने प्रकाशकाच्या स्वतःच्या आज्ञावलींना जवळजवळ बंदी घातली आणि मांडणीच्या नियमांना प्रारंभी ५० किलोबाइटांची मर्यादा घातली. पाने जलद उघडू लागली हे खरे. तथापि सर्व पाने एकसारखी दिसू लागली आणि ती अनेकदा प्रकाशकाच्या पत्त्याऐवजी गूगलच्या साठ्यातून दाखविली जाऊ लागली. २०२१ साली गूगलने शोधनिकालातील ठळक बातम्यांसाठी असलेली या पद्धतीची अट काढून टाकली. ज्यांनी केवळ त्या अटीपोटी आपला आराखडा बदलला होता, त्यांच्या बदलाचे मुख्य कारणच त्यामुळे नाहीसे झाले. बाहेरच्या मोजपट्टीला अनुसरून केलेली रचना त्या मोजपट्टीइतकीच टिकते, हा या प्रकरणाचा पहिला धडा होय.

वेगाची बाजू

तरीही वेगाचा आग्रह केवळ तंत्रज्ञांची हौस म्हणून उडवून लावता येणार नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर मोबाइलवरील डेटा स्वस्त झाला. परंतु डेटा स्वस्त होणे आणि जोडणी स्थिर असणे या भिन्न बाबी आहेत. दादर स्थानकावर पश्चिम व मध्य रेल्वेचे प्रवासी एकत्र येतात, तेव्हा एकाच मनोऱ्यावर हजारो उपकरणांचा भार पडतो. गणेशोत्सवात लालबाग-परळच्या रस्त्यांवरही तीच स्थिती असते. अशा वेळी जड पान उघडतच नाही. कमी स्मृतीचा, जुना, स्वस्त मोबाइल वापरणाऱ्या विद्यार्थ्याला तर अनावश्यक आज्ञावलींचा त्रास दुप्पट होतो : पान उशिरा येते आणि आल्यावरही बोटाला साद देत नाही. चाळीतल्या एका खोलीत दोघातिघांत मिळून एक मोबाइल असेल, तर पान हलके असणे ही सोय न राहता ज्ञानाच्या उपलब्धतेचा प्रश्न बनते. या दृष्टीने हलका आराखडा लोकशाहीला पोषक आहे, हे निःसंदिग्धपणे मान्य करावयास हवे.

मात्र भार नेमका कशाचा, हे पाहणे आवश्यक आहे. युनिकोडच्या रूढ यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजीच्या एका अक्षराला १ बाइट, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. ‘मुंबई’ या शब्दात ५ चिन्हे आहेत, म्हणून तो १५ बाइट व्यापतो. ‘स्त्री’ हा एकाक्षरी दिसणारा शब्द ६ चिन्हांचा, म्हणजे १८ बाइटांचा होतो. यावरून देवनागरी जड आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. १०,००० चिन्हांचा लेख घेतला तरी त्याचा भार सुमारे ३० किलोबाइट होतो आणि पाठविताना तो दाबला जात असल्याने प्रत्यक्षात आणखी कमी होतो. एखादे न आवळलेले छायाचित्र किंवा जाहिरातींची आज्ञावली याच्या कितीतरी पट जागा घेते. म्हणजे पान जड होते ते सजावटीने आणि जाहिरातींनी. मजकुराचा त्यात दोष नाही.

गिरगाव-काळबादेवीचा पूर्वानुभव

हा प्रश्न मराठीपुढे पहिल्यांदाच उभा राहिलेला नाही. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली मुंबईत शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले. शिळाछापात अक्षर हाताने लिहिलेले असल्याने लिपीला कात्री लागत नसे. मात्र दुरुस्ती आणि पुनर्वापर कठीण. खिळ्यांनी छापावयाचे तर जोडाक्षरे, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार यांमुळे खिळ्यांची संख्या कित्येक शेकड्यांवर जाई. त्यावर दोन मार्ग रूढ झाले. ‘अखंड’ पद्धतीत अक्षराचे रूप शक्यतो न तोडता खिळा पाडला जाई. ‘डिग्री’ पद्धतीत अक्षराचे भाग वेगळे पाडून ते जुळाऱ्याने जुळवावयाचे असत. पहिलीत रूप सांभाळले जाई, पण खिळे फार. दुसरीत खिळे कमी, पण जुळणी ढिली पडली की मात्रा अक्षरापासून सुटलेली दिसे.

जावजी दादाजी यांनी १८६४ साली ओतशाळा आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. काळबादेवीच्या कोलभाट गल्लीतील या छापखान्याची ख्याती केवळ उत्पादनाच्या प्रमाणावर उभी राहिली नाही. राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कसबी कारागिराने घडविलेल्या अक्षरांवर ती उभी राहिली. तेथून बाहेर पडलेले संस्कृत व मराठी ग्रंथ स्वस्तही होते आणि शुद्धही होते. ओतशाळा स्वतःची असल्यामुळे खर्च आटोक्यात राहिला. तो आटोक्यात ठेवण्यासाठी अक्षराचे वळण बिघडविले गेले नाही. पुढे विसाव्या शतकात गिरगावच्या खटाववाडीतील मौज छापखान्याने मुद्रितशोधनाच्या आणि मांडणीच्या काटेकोरपणासाठी लौकिक मिळविला, तोही याच वृत्तीचा विस्तार होता.

याच्या उलट दिशेचा प्रयत्नही मुंबईने पाहिला आहे. यंत्रावरील छपाई सुकर व्हावी म्हणून विनायक दामोदर सावरकर यांनी लिपिशुद्धीचा आणि ‘अ’च्या बाराखडीचा पुरस्कार केला. इ, ई, उ, ऊ यांच्यासाठी स्वतंत्र खिळे न ठेवता ‘अ’लाच स्वरचिन्हे जोडण्याची ती सूचना तर्कदृष्ट्या सुटसुटीत होती व काही नियतकालिकांनी ती वापरलीही. तरी सार्वत्रिक लेखनात ती रुजली नाही. पुढे अक्षरे जुळविण्याचे काम संगणकाकडे गेले आणि खिळ्यांची अडचणच संपली. यंत्राची तात्कालिक गैरसोय दूर करण्यासाठी लिपीच बदलली, तर यंत्र बदलल्यावर त्या बदलाला आधार उरत नाही. आजच्या हलक्या आराखड्यांचे मूल्यमापन करताना हा अनुभव दृष्टीआड करता येत नाही.

अक्षराची बाजू

बहुतेक लोकप्रिय आराखडे रोमन लिपी समोर ठेवून घडविलेले असतात. त्यांत ओळींमधील अंतर रोमन अक्षराच्या उंचीनुसार ठरते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, अनुस्वार, रफार आणि खाली उकार, ऋकार असतात. ‘ट्ठ’, ‘द्ध’ यांसारखी जोडाक्षरे उभी वाढतात. रोमनसाठी बेतलेल्या अंतरात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकतो. शीर्षकांत डौल आणण्यासाठी अक्षरांमधील अंतर वाढविले, तर शिरोरेषा तुटते आणि शब्द सुट्या तुकड्यांचा दिसतो. फॉन्टची एकच जाडी पाठविली असेल, तर ठळक शीर्षकासाठी ब्राउझर त्याच अक्षराला कृत्रिमरीत्या जाड करतो. मग ‘क्ष’, ‘ष’, ‘भ’ यांतील पोकळ्या बुजतात.

याहून गंभीर बाब मराठीच्या खास रूपांची आहे. महाराष्ट्र शासनाच्या २००९ सालच्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ प्रमाण मानले आहेत. अनेक फॉन्टमध्ये हिंदी व मराठी अशी दोन्ही रूपे असतात; परंतु मराठी रूप दिसण्यासाठी पानाची भाषा मराठी आहे, हे त्या पानाच्या संहितेत नोंदविलेले असावे लागते. आराखडा इंग्रजीत बसवून तसाच ठेवला, तर मराठी पानावर ‘इंग्रजी’ अशी नोंद राहते, आणि मजकूर मराठी असूनही अक्षरे हिंदी वळणाची उमटतात. या चुकीचा फटका दृष्टिहीन वाचकालाही बसतो. पडदा वाचून दाखविणारी प्रणाली उच्चारासाठी याच नोंदीवर विसंबू शकते.

तिसरी बाब फॉन्टच्या छाटणीची. भार कमी करण्यासाठी फॉन्टमधील ‘अनावश्यक’ चिन्हे काढून टाकण्याची प्रथा आहे. ती अजाणतेपणी केली, तर जोडाक्षरे घडविणारे कोष्टकच गळते आणि शब्द पायमोडके दिसतात. २००८ साली युनिकोडमध्ये समाविष्ट झालेला ‘ॲ’ छाटलेल्या फॉन्टमध्ये नसेल, तर तो दुसऱ्याच फॉन्टमधून उचलला जातो व शब्द दुरंगी होतो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द मराठी वाचक एका चिन्हामुळे वेगळे ओळखतो : एक समुद्र, दुसऱ्या डोंगरांमधल्या. दुसऱ्या शब्दातील र नीट उमटला नाही, तर शोभेपलीकडे जाऊन अर्थाचीच हानी होते.

आक्षेपाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. स्वतंत्र फॉन्ट पाठविणे म्हणजे आपोआप उत्तम अक्षर, असे नव्हे. र. कृ. जोशी यांनी घडविलेल्या ‘मंगल’पासून मुंबईतील ‘एक टाइप’ या संस्थेच्या ‘मुक्त’पर्यंत देवनागरीला चांगले, वाचनीय फॉन्ट मिळाले आहेत आणि आजच्या बहुतेक उपकरणांत देवनागरीचा कामचलाऊ फॉन्ट असतोच. लहान सूचनेसाठी किंवा वेळापत्रकासाठी तो पुरेसा आहे. तेथे वेगळा फॉन्ट पाठविणे ही उधळपट्टी ठरेल. दीर्घ निबंध, कविता किंवा व्याकरणाचा मजकूर यांची गरज वेगळी असते. आराखड्याची निवड मजकुराच्या प्रकृतीवर ठरावी, हाच येथे विवेक होय.

मोजपट्टीचा प्रश्न

या आराखड्यांची जाहिरात गुणांकांवर चालते. पानाचा मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, स्पर्शाला २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा, मांडणी फारशी हलू नये, हे गूगलचे निकष रास्त आहेत. परंतु यांपैकी एकही निकष अक्षर सुवाच्य आहे काय, हे विचारत नाही. पानावर भाषेची नोंद आहे की नाही हे स्वयंचलित तपासणी पाहते. ती नोंद मजकुराशी जुळते की नाही, याची खात्री ती देत नाही. म्हणून मराठी पान १०० पैकी १०० गुण मिळवूनही मराठी वाचकाच्या दृष्टीने अनुत्तीर्ण ठरू शकते. पान दिसण्यास लागणारा वेळ आणि ते वाचून समजण्यास लागणारा वेळ यांची बेरीज म्हणजे वाचकाचा खरा वेळ. पहिला सेकंद वाचवून पुढची दहा मिनिटे डोळ्यांना त्रास देणारा आराखडा जलद म्हणता येणार नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. हलके आराखडे मराठीला हवेतच. गर्दीतल्या, स्वस्त उपकरणावरच्या वाचकाला वगळून ज्ञानप्रसार होऊ शकत नाही. मात्र काटछाटीचा क्रम ठरलेला असावा : प्रथम जाहिरातींच्या व हालचालींच्या आज्ञावली, नंतर चित्रांचा आकार, आणि सर्वांत शेवटी, तेही जाणत्या देखरेखीखाली, फॉन्ट. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदविणे आणि ओळींमधील अंतर देवनागरीप्रमाणे वाढविणे यांना भार जवळजवळ शून्य लागतो. ते न करण्याचे समर्थन वेगाच्या नावाने करता येत नाही. महाविद्यालयांनी संकेतस्थळाचे काम कंत्राटदाराकडे सोपविताना गुणांकाबरोबरच ‘दऱ्या’, ‘शाळा’, ‘लक्ष्मी’, ‘ॲप’, ‘ट्ठ’ अशा शब्दांचे व जोडाक्षरांचे चाचणीपान मागितले, तर बहुसंख्य दोष स्वीकृतीपूर्वीच उघड होतील. हे पान तपासण्यास संगणकतज्ज्ञ लागत नाही. मराठी विभागातील कोणीही अध्यापक ते स्वस्त मोबाइलवर पाहून निर्णय देऊ शकतो.

कोलभाट गल्लीत खिळे ओतणाऱ्या कारागिरांपुढेही वेळ आणि पैसा यांची चणचण होतीच. तिच्यातून त्यांनी वाट काढली आणि वाचकाच्या हाती धड अक्षर दिले. मोबाइलच्या पडद्यासाठी आराखडा निवडणाऱ्यांकडून याहून अधिक अपेक्षा नाही. पण याहून कमीही नसावी.