थर्सायटीझला बाप नाही

होमरच्या ‘इलियड’वर कॉलेजातली गाइडं एकच गोष्ट घोकून घेतात: अकिलीज थोर वीर, पण राग हा त्याचा दोष. ठीक. पण मित्रांनो, त्याच छावणीत आणखी एक जण रागावला होता, त्याला गाइडात जागा का नाही?

थर्सायटीझ त्याचं नाव. ट्रॉयच्या युद्धाला नऊ वर्षं झालीत. दुसऱ्या सर्गात तो भर सभेत सेनापती ॲगमेम्नॉनला सुनावतो, की लढतो आम्ही, तंबू भरतात तुझे, धरून आणलेल्या बायाही तुलाच. याला इथंच सोडून घरी जाऊ. यात खोटं काय? पहिल्या सर्गात अकिलीज वाट्यावरून असंच भांडला, आणि त्याच्या रागावर चोवीस सर्गांचं महाकाव्य उभं राहिलं. थर्सायटीझच्या पाठीत मात्र ओडिसियसनं राजदंड हाणला. वळ उठला, तो रडला, आणि फौज हसली. हसणारे साधे शिपाईच होते, हे जास्त झोंबतं.

ज्या ब्रिसीसवरून अकिलीज रुसला, तिचा नवरा त्यानंच मारलेला. तिला एकदाच तोंड उघडू दिलंय, एकोणिसाव्या सर्गात, तेही प्रेतावर रडायला.

होमर थर्सायटीझला लंगडा, कुबडा, विरळ केसांचा करून उभा करतो. बोलणाऱ्याचं आधी रूप काढायचं, ही चाल आपल्याला नवी नाही. पण खरी मेख वेगळी. कितीतरी किरकोळ वीर दोन ओळींत मरतात, तरी कवी त्यांचा बाप सांगतो, गाव सांगतो. थर्सायटीझला ना बाप, ना गाव. महाभारतानं एकलव्याला निदान हिरण्यधनू हा बाप दिला. अंगठा घेतला ती गोष्ट निराळी.

तरी होमर मी फेकून देणार नाही. एकविसाव्या सर्गात पोसायडन सांगतो, की मी आणि अपोलो ट्रॉयच्या राजाकडं, लाओमेडॉनकडं, ठरलेल्या मजुरीवर वर्षभर राबलो. मी तटबंदी बांधली, यानं गुरं राखली. साल भरल्यावर राजानं मजुरी बुडवली, वर कान कापायची धमकी दिली. देगलूर-बिलोलीकडं पाडव्याला साल ठरतं. इथं हे समजावून सांगायची गरज नाही. ‘ओडिसी’त मेलेला अकिलीज म्हणतो, की मेलेल्यांचा राजा होण्यापेक्षा भूमिहीनाच्या घरचा गडी झालेलं बरं. सगळ्यांत खालचं जिणं म्हणून त्या महावीराला सालगडीच आठवला!

हे सगळं मी आपल्या कवितेसाठी सांगतोय. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला, आणि ऑगस्टमध्ये आपल्याच नांदेड जिल्ह्यात, टेंभुर्णीत, पोचिराम कांबळेंना मारलं. त्यांच्यावरच्या ज्या कविता माझ्या हाती येतात, त्यांत वाघ असतो, ज्वालामुखी असतो, सूर्य तर हमखास. टेंभुर्णी नसते. बायको-लेकरं नसतात. म्हणजे आपणच आपल्या माणसाचा अकिलीज करतो, आणि त्याचं गाव पुसतो. शत्रूच्या बाजूच्या पोरालासुद्धा होमरनं गाव दिलं होतं. पुढच्या अंकाला कविता पाठवाल तर वाघ घरी ठेवा. गावाचं नाव घाला, सालाचे किती ठरले होते ते घाला, कुणी बुडवले तेही घाला.