चार ओळींची नोंद आणि एक राहून गेलेली पायरी

आज समीक्षेला घेतलेला मजकूर कवितेचा नाही. एका सुरक्षादोषाची जेमतेम चार ओळींची नोंद आहे, क्रमांक सीव्हीई-२०१९-१९०६४. असे जाहीर क्रमांक पाहूनच संगणक सांभाळणारे लोक आधी काय दुरुस्त करायचं ते ठरवतात.

नोंद सांगते की लिनक्सच्या कर्नलमध्ये, ५.३.११ आवृत्तीपर्यंत, एका ड्रायव्हरमध्ये मेमरी लीक आहे आणि तिचा वापर करून हल्लेखोराला मेमरी संपवता येते.

'लीक' म्हणजे गळती, पण इथे बाहेर काहीच सांडत नाही. कडावात हे समजावायला सोपं आहे. लग्नासाठी देवळातली भांडी आणली. लग्न लागलं की ती घासूनपुसून परत जातात. पण ऐनवेळी लग्नच मोडलं तर? त्या गडबडीत भांडी घरातच राहतात. चोरी झाली नाही, पण पुढच्या लग्नाला भांडी कमी पडतात.

या ड्रायव्हरचं तसंच झालं. सुरू होताना त्याने कर्नलकडून मेमरी घेतली. सुरुवात फसली तर ती परत करायची सोय बाकी सगळ्या वाटांवर होती. फक्त एका वाटेवर, उपकरण जागं करणं फसलं तर, काम परस्पर संपायचं. परत करण्याची पायरी राहून गेली होती.

वैशेषिकांनी पुढे अभावालाही पदार्थ मानलं, ते अशासाठीच. नैयायिक म्हणतात, अभाव कळायला त्याचा प्रतियोगी, म्हणजे जे नाही ते, आधी मनात असावं लागतं. असे दोष तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटतात ते यामुळेच. डोळा जे आहे तेवढंच वाचतो.

माझा आक्षेप 'हल्लेखोराला येतं' या शब्दांवर आहे. कसं येतं? तर ते अपयश घडवून आणून. पण ते अपयश ड्रायव्हर उपकरणाशी जोडला जातानाचं. त्यावर हल्लेखोराचा ताबा प्रत्यक्षात नसतो, अशी हरकत पुढे त्या नोंदीतच जोडावी लागली. म्हणजे बघा, दोष खरा आणि कर्ता कल्पनेतला!

दुसरी बाजूही ऐका. फेब्रुवारी २०२४ पासून कर्नलची मंडळी स्वतःच क्रमांक देतात, तेही सढळ हाताने. कर्नल इतका तळाशी असतो की कुठली चूक उद्या हत्यार होईल हे दुरुस्तीच्या वेळी बहुधा दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. पण 'घडू शकतं' आणि 'कुणीतरी घडवू शकतो' ही दोन वेगळी विधानं आहेत. तालुक्याच्या दवाखान्यातले संगणक एकटा सांभाळणारा मुलगा डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक सूचनेत हल्लेखोर दिसला, तर तो सूचना वाचणंच सोडेल. मग खरा लांडगा येईल तेव्हा त्याला सांगणार कोण?

दुरुस्ती करायचीच. ती छोटीशी आहे. मात्र नोंदीत तीन गोष्टी हव्यात: काय राहिलं, कोणत्या वाटेवर राहिलं, आणि ती वाट कुणाच्या हातात आहे. तिसरी ठाऊक नसेल, तर 'ठाऊक नाही' असं लिहावं. चाराच्या पाच ओळी झाल्या तरी बिघडत नाही.