लाकूडतोड्यांची छायाचित्रे वर्गात दाखवताना

जंगलतोडीचा किंवा यंत्रयुगाचा इतिहास सांगणाऱ्या पुस्तकांत डॅरियस किन्सी या अमेरिकन छायाचित्रकाराची चित्रे वारंवार भेटतात. डग्लस फर किंवा सीडरचे प्रचंड झाड, त्याच्या बुंध्यात कुऱ्हाडीने पाडलेली खोल खाच, आणि त्या खाचेत पलंगावर पडावे तसा खुशाल आडवा झालेला एक लाकूडतोड्या. वर्गात असे चित्र दाखवले की मुले 'बाप रे!' म्हणतात. आमची तक्रार आहे ती या 'बाप रे'पाशीच पाठ संपतो याबद्दल.

किन्सीचा जन्म १८६९ सालचा, मिसुरी राज्यातला. पुढे तो वॉशिंग्टन राज्यात आला आणि सुमारे पन्नास वर्षे तेथील तोडीच्या तळांवर अवजड कॅमेरा घेऊन हिंडला. कामगारांचे फोटो काढायचे आणि त्यांनाच विकायचे, हा त्याचा धंदा. प्लेटा धुणे व प्रती काढणे हे निम्मे काम त्याची पत्नी टॅबिथा घरी करी. श्रेय देताना तिचे नाव बहुधा गळते, ते गळू नये.

चित्रे उत्तम आहेत यात शंका नाही. अवजारांचा इतका तपशील शब्दांत सापडणे कठीण. बुंधा तळाशी फुगलेला आणि राळेने भरलेला असे, म्हणून तोडे जमिनीपासून दोन-तीन मीटर वर काम करीत. त्यासाठी खोडात लहान खाच पाडून तीत फळीचे टोक अडकवायचे आणि त्या एका फळीवर उभे राहायचे. तरफेचा पाठ शिकवताना याहून चांगले उदाहरण आम्हाला सुचत नाही. दोघांनी ओढायची लांब करवत, पोलादी पाचरी, करवतीला चिकटणारी राळ सुटावी म्हणून जवळ टांगलेली तेलाची बाटली, सगळे स्पष्ट दिसते.

पण चित्रात धोका दिसत नाही, आणि याचे कारण छायाचित्रणातच आहे. दाट जंगलात उजेड कमी. पुढचा माणूस आणि मागचे झाड दोन्ही रेखीव हवीत तर भिंगाचे छिद्र बारीक ठेवावे लागते. मग काच किंवा फिल्म काही सेकंद उघडी ठेवणे आले. तेवढा वेळ जो हलेल तो पुसट होणार. म्हणून सगळे स्तब्ध उभे. समोरची खाच पाडून झाली आणि मागून करवत लागायची आहे, तो क्षण त्यासाठी सोयीचा. झाड अजून आपल्या भाराने भक्कम उभे असते.

पुढचे चित्र कुणी काढलेले नाही. मागून करवत आत गेली की मध्ये लाकडाची एक पट्टी उरते, तीच बिजागरीचे काम करते. ती नीट वाकली तर झाड ठरल्या दिशेला पडते. झाड पुढे कललेले असेल तर खोड कधी कधी उभे चिरत जाते आणि मागचा भाग फटकन वर उसळतो. फळीवरच्या माणसाला तेवढ्यात उडी मारून, खालच्या फांद्या-ढलप्यांतून वाट काढत पळायचे असते. वर अडकलेली तुटकी फांदी तर काहीच सूचना देत नाही. इंग्रजीत तिला 'विधवा करणारी' अशा अर्थाचे नाव पडले आहे. पन्नास मीटरवरून सुटलेली फांदी, हवेचा विरोध सोडून दिला तर, ३.२ सेकंदांत खाली येते, वेग ताशी सुमारे ११३ किलोमीटर. हे गणित नववीचा विद्यार्थी सहज करील. करून पाहावे, आणि मग चित्राकडे पुन्हा पाहावे.

वाफेच्या यंत्रांच्या चित्रांबाबतही आमचे मत असेच आहे. बैलांकडून ओंडके ओढवून घेण्याऐवजी जॉन डोलबिअरने वाफेवर फिरणारे रहाट बनवले. त्याचे पेटंट १८८२ चे. पुढे उंच झाडाचा शेंडा छाटून त्यावर कप्पी बांधू लागले आणि पोलादी दोराने ओंडके ओढून आणू लागले. काम कितीतरी वाढले. पण ताणलेल्या दोरात साठलेली ऊर्जा दोर तुटताच चाबकासारखी फिरते, आणि शिट्टीचा इशारा चुकला तर ओंडक्याला साखळी लावणारा माणूस अजून तिथेच असतो. किन्सीच्या चित्रात अख्खी टोळी यंत्रासमोर ओळीने उभी आहे, दोर सैल.

वॉशिंग्टन राज्याने १९११ साली धोक्याच्या धंद्यांतील कामगारांसाठी नुकसानभरपाईचा कायदा केला. त्यापूर्वी जखमी माणसाला न्यायालयात मालकाशी भांडावे लागे. या कायद्याची तारीख चित्राखाली लिहिलेली आम्हाला तरी कुठे आढळली नाही. झाडाचा व्यास मात्र असतो.

'हे सारे जुने झाले' असे कुणी म्हणेल. अमेरिकेतील सरकारी आकडेवारीनुसार २०२२ साली लाकूडतोडीत दर एक लाख पूर्णवेळ कामगारांमागे १००.७ मृत्यू झाले. सर्व धंद्यांचा मिळून आकडा ३.७ होता. हा काळ यांत्रिक करवतींचा आहे.

किन्सीचे स्वतःचे काम १९४० साली थांबले. फोटो घेत असताना तो एका बुंध्यावरून खाली पडला आणि त्यानंतर पुन्हा जंगलात गेला नाही. त्याचा मृत्यू १९४५ साली झाला. चित्र दाखवणाऱ्या शिक्षकांनी ही हकीकतही सांगावी, आणि मुलांना एकच प्रश्न विचारावा: हा फोटो काढून झाल्यावर, करवत पुन्हा चालू झाल्यावर, यातला कोण कुठे उभा असेल?